नव्वदवरून तीनशे

४ मार्च

प्रयोगशाळेच्या वहीत पानांचे आकडे छापलेले असतात, खाडाखोड चालत नाही आणि मत लिहायचं नसतं. काय केलं, किती केलं, काय दिसलं, एवढंच. बावीस वर्षं तसं लिहून माझा हात असा काही वळलाय, की किराण्याच्या यादीखालीही मी तारीख घालून सही करते. म्हणून ही वेगळी वही. हिच्यात मी खाडाखोड करणार, मतं देणार, आणि जमलं तर फुशारक्याही मारणार.

पहिली फुशारकी आजच. माझी सूचना मान्य झाली.

आम्ही रक्तदाबाच्या रुग्णांसाठी दंडावर चिकटवायची पट्टी बनवतो. पट्टीत आठवडाभराचं औषध असतं. औषध आणि कातडी यांच्यामध्ये पॉलिमरची एक फिल्म असते, ती औषधाला जरा जरा करून बाहेर सोडते. सगळी करामत त्या फिल्मची. तिची जाडी नव्वद नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाचे हजार पदर काढले तर त्यातला एक पदर. इतकी पातळ वस्तू कापताना फाटणारच. शंभरात तीन-चार फाटतात, आणि त्या हुडकून फेकताना पॅकिंगवाल्यांच्या नाकी नऊ येतात. मी म्हटलं, नव्वदची तीनशे करा. पॉलिमर तोच, औषध तेच, फक्त जाडी वाढेल. जाड म्हणजे मजबूत, यात न कळण्यासारखं काय आहे?

साहेब म्हणाले, "हरकत नाही." ते सगळ्यालाच असं म्हणतात. माझ्या तोंडी त्यांचं नावच मुळी हरकत-नाही आहे. पण आज ते टाळ्या वाजवून म्हणाले.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. आता भिंतीवरचं एकच घड्याळ त्यांच्या ताब्यात उरलंय आणि त्याचे ते असे लाड करतात, की मला सवतीमत्सर वाटावा. ते म्हणाले, "शास्त्रज्ञीणबाई, घट्ट बसवलं की नीट बसलं असं नसतं हं." मी म्हटलं, तुमच्या दातेरी चाकांचं ज्ञान मला नको. हसले.

१२ मार्च

सोमवारी पहिली तीनशेची फिल्म ओतली. घोडं लगेच अडलं. ओतल्यावर फिल्म गरम पत्र्यावर ठेवावी लागते (आम्ही त्याला तवाच म्हणतो). जुनी फिल्म तासभर तव्यावर निवांत राहायची. ही जाड असल्यामुळे तिच्या कडा वळू लागल्या. मग मी वेळ वीस मिनिटांवर आणली आणि एका दगडात दोन पक्षी मारले गेले. कडा वळायच्या थांबल्या. शिवाय जाड फिल्ममधून औषध फार सावकाश उतरेल अशी जी धास्ती होती, तीही गेली, कारण कमी भाजलेली फिल्म जरा सैल राहते. वेग जुन्याशी तंतोतंत जुळला.

हे आज तिसऱ्या दिवसाच्या चाचणीत सिद्ध झालं. काचेच्या भांड्यात एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि चोवीस तासांत किती औषध पलीकडे उतरलं ते मोजायचं. चाचणी कायम तिसऱ्याच दिवशी होते. जुनी फिल्म तिसऱ्या दिवशी जशी असते तशीच तिसऱ्या वर्षीही असते, हे केव्हाच ठरून गेलेलं आहे.

सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिली. आमच्या यंत्रात प्रकाशाच्या दोन गाळण्या असतात, एकमेकींना आडव्या. जुनी फिल्म त्यांच्यामध्ये धरली की नुसता काळोख. नवीनमध्ये काळोखात चार-पाच पांढरे ठिपके दिसले. प्रयोगशाळेच्या वहीत लिहिलं, "ठिपके, बहुधा धूळ." मग फिल्मची ती काच तशीच माझ्या टेबलावर ठेवली. दिसायला गोड होते.

२८ मार्च

पहिली खेप बाहेर पडली. बदल किरकोळ म्हणून परवानगीही झटपट मिळाली. एकशे चाळीस रुग्ण मोठ्या इस्पितळातले, त्यांनी अभिप्राय लिहून द्यायचे. शिवाय आम्हा कर्मचाऱ्यांच्या काउंटरवर थोडे डबे. मी रांगेत पहिली उभी होते. बाबा तीन वर्षं आमचीच पट्टी लावतात. माझी फिल्म जगाने लावायची आणि माझ्या बापाने जुनी, हे कसं चालेल?

डब्यावर छापलेलं आहे, दर रविवारी बदला. बाबांना ते सोयीचं. रविवारी सकाळी ते घड्याळाला चावी देतात, मग मी त्यांच्या दंडाला पट्टी लावते. ते म्हणतात, "आज दोघांनाही चावी."

५ एप्रिल

दुसरी पट्टी. बाबा खूश आहेत. जुनी कोपऱ्यात उचलली जायची, ही चिकटून बसते. रक्तदाब छान. मी उगीचच दिवसभर गुणगुणत होते.

१४ एप्रिल

टेबलावरची काच सहज यंत्राखाली धरली आणि बघतच राहिले. ती धूळ नव्हती. ठिपक्यांची फुलं झाली आहेत! काळोखात पांढरी, लखलखीत, गोल फुलं, प्रत्येकावर मधोमध काळा क्रूस. पाकळ्या मधून बाहेर पसरलेल्या. एकमेकांना टेकतील इतकी मोठी झाली आहेत. बावीस वर्षांत इतकं सुंदर काही या यंत्रात दिसलं नव्हतं. फोटो काढला, मोठा करून घेतला, घरी फ्रिजवर लावला. बाबांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाले, "हे वाढतंय का?" मी म्हटलं, हो, वाढतंय. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

तळघरवालीलाही दाखवला. ती क्ष-किरणांचं यंत्र चालवते, बारा महिने तळघरात, बारा महिने गार झालेला चहा हातात. तिचा स्वभाव असा, की सूर्य उगवला तरी म्हणेल, खात्री करून घेऊ. तिने काच खाली नेली आणि दोन तासांनी परत आली.

"अगं, त्या उभ्या राहिल्यात."

"कोण?"

"चकत्या. तुझी फुलं म्हणजे पॉलिमरचे स्फटिक, त्यांच्या चकत्या. जुन्या फिल्ममध्ये त्या आडव्या पडलेल्या असायच्या, एकीवर एक, कौलांसारख्या. म्हणून अंधार दिसायचा. या उभ्या आहेत. चमकतायत त्या म्हणूनच."

मी विचारलं, पॉलिमर तोच असताना असं का व्हावं?

"पोटमाळ्यावर चढलीस तर तू काय करतेस? वाकतेस, नाहीतर आडवी होतेस. उभं राहायला जागाच नसते. नव्वदमध्ये त्यांची तीच गत होती. तू छत उंच केलंस, त्या उभ्या राहिल्या."

मला ते फार आवडलं. म्हटलं, बघ, माझ्या राज्यात सगळे ताठ मानेने उभे राहतात. ती हसली नाही. म्हणाली, "कौलं आडवी असतात म्हणून पाऊस आत येत नाही. पुस्तकांसारखी उभी लावलीस तर मधल्या फटीतून धार लागेल. तुझी वेगाची चाचणी कधीची?"

"तिसऱ्या दिवसाची."

"तेव्हा फुलं होती?"

"ठिपके होते."

"मग आज परत कर."

तिला सांगितलं, की चाचणीला सीलबंद नमुने लागतात आणि राखून ठेवलेल्या नमुन्यांचं पहिलं सील सहा महिन्यांनी फोडायचं असतं. मधे फोडलं तर कारण लिहावं लागतं. तळघरवालीला बाई शंका आली, हे कारण मी लिहू का? ती गार चहा घेऊन खाली गेली. दुसऱ्याचं कौतुक झालं की काही लोकांच्या पोटात दुखतं, हे मी बोलणार नव्हते, पण ही वही त्यासाठीच आहे.

२० एप्रिल

बाबा आज दुपारी जेवतानाच पेंगले. घास हातात, मान छातीवर. हाक मारली तर दचकून म्हणाले, "किती वाजले?" त्यांना तहानही फार लागते आहे, तोंडाला कोरड पडते म्हणतात. पाण्याचा तांब्या उशाशी. उन्हाळा आहे, म्हणा. आणि वय अठ्ठ्याहत्तर.

गंमत म्हणजे शनिवारी अगदी टवटवीत होते, माझ्याशी भांडले सुद्धा. मागच्या सोमवारीही असेच पेंगत होते. सोमवार मलाही आवडत नाही, पण मी निदान कामावर झोपत नाही.

२३ एप्रिल

अभिप्रायांचा पहिला गठ्ठा आला. एकही पट्टी फाटलेली नाही! एकशे चाळीसात एकही नाही. मी कागद घेऊन पॅकिंगमध्ये गेले आणि सगळ्यांना वाचून दाखवला.

बाकीचं बरंचसं सारखंच आहे. "पट्टी छान बसते." "खाज येत नाही." आणि खूप जणांनी लिहिलंय, "झोप छान लागते." मी मोजलं, सत्तेचाळीस जणांनी. साहेब म्हणाले, डब्यावर छापायला हरकत नाही. आम्ही हसलो.

तळघरवाली दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाचायला हवे होते, मी कागद तिच्या हातात दिले. तिने फक्त तारखा पाहिल्या.

२८ एप्रिल

काल, सोमवारी, बाबा खुर्चीतून उठले आणि दाराच्या चौकटीवर आदळले. कपाळाला टाके नाही पडले, पण खोक पडली. मला ऑफिसात फोन त्यांनी स्वतःच केला. "घाबरू नकोस, घड्याळाला काही झालेलं नाही." असा माणूस.

आज डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आमचे जुने आहेत, माणूस भला. रक्तदाब खाली आहे म्हणाले. मग विचारलं, "औषधात काही बदल?"

मी म्हटलं, "नाही. तीच पट्टी."

खोटं नाही बोलले. औषध तेच आहे, प्रमाण तेच आहे. फिल्म तेवढी नवी, आणि तीही जुनीपेक्षा तिपटीहून जाड. जाड फिल्ममुळे रक्तदाब खाली येईल असं म्हणायचं तर शाळेत परत जावं लागेल. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, मीठ-साखरेचं पाणी द्या, हळू उठा.

बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

घड्याळसुद्धा बिघडत चाललंय वाटतं. ते पूर्वी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहायचे, आठवड्याला घड्याळ किती सेकंद पुढे, किती मागे. आता रोजच लिहितात, आणि आकडे बारीक, मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून भिंतीकडे डोळे लावतात, डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून. जुन्या कारागिराची सवय, मनगटावर पट्टा नसला तरी बोटं तिथेच जातात.

६ मे

मोठी खेप तयार आहे. तेरा हजार पट्ट्या, पुढच्या महिन्यापासून सगळीकडे. कागदावर माझी सही हवी. मी केली.

सहीच्या आधी जिन्यात तळघरवालीने गाठलं. म्हणाली, टेबलावरची काच तिने काल पुन्हा पाहिली. फुलं आता एकमेकांना भिडलीत आणि चकत्या उभ्या राहताना आक्रसतात, त्यामुळे पाकळ्यांच्या मधे फटी पडल्यात. वरून खाली आरपार.

"तू तवा कमी केलास ना? जे स्फटिक तव्यावर तासाभरात व्हायचे, ते आता डब्यात बसून दोन महिने होतायत. आणि उभे होतायत. सील फोड."

"उद्या तपासणीला माणसं आली तर काय उत्तर देऊ?"

"सील का फोडलं एवढंच उत्तर द्यावं लागेल. न फोडल्याचं द्यायची वेळ आली तर?"

मी चिडले. म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत भूत दिसतं. ती शांतपणे म्हणाली, "बरं, सील राहू दे. तुझ्या घरी डबा आहे ना पहिल्या खेपेचा? त्यातली एक पट्टी आणून दे. कुणाला कळणारही नाही."

"बाबांच्या मोजून आहेत. एक कमी पडेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. का, ते मला कळलं नाही. बाबांच्या औषधात खाडा नको, यात चुकीचं काय? तिला बाप नाही, तिला काय ठाऊक.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं होतंय का माझं? तिची फिल्म असती तर मी सील फोडलं असतं का? हे आत्ता लिहिताना मनात आलं. खोडत नाही. सही मात्र झाली आहे.

१० मे

रविवार. घड्याळाला चावी मी दिली. बाबांना स्टुलावर चढवत नाही हल्ली.

पट्टी काढली तर ते दंड आखडून म्हणाले, "या आठवड्यात नको, पोरी."

"का?"

"सहज. जरा विसावा."

"औषधाला विसावा नसतो बाबा. घड्याळाला देता का?"

"घड्याळ जोरात पळायला लागलं, की चावी थांबवतो मी. हळू पडलं तरी थांबवून आत बघतो."

मी त्यांना लहान मुलाला रागवावं तसं रागावले. तीन वर्षं एक रविवार चुकला नाही आणि आता कुठे हट्ट काढला! शेवटी त्यांनी हात पुढे केला. दंड किती बारीक झालाय त्यांचा. मी पट्टी लावली, वरून तळवा दाबून तीस आकडे मोजले, जसं डब्यावर लिहिलंय तसं.

"छान लावतेस," म्हणाले.

११ मे

बाबा सकाळी उठले नाहीत. श्वास चालू, डोळे उघडत नाहीत. रुग्णवाहिका आली. नाडी चौतीस.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईने दंडावरची पट्टी पाहिली आणि काढायला हात नेला. मी म्हटलं, काढू नका, ती त्यांची रक्तदाबाची आहे, एकदम थांबवलं तर दाब उसळेल. मी ही पट्टी बनवणाऱ्या कंपनीत आहे, असंही म्हटलं. बाई थांबली.

ती थांबली, माझ्यामुळे.

१२ मे

दुपारी नर्स आली. बाबांचं डावं मनगट उचललं, त्यावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.

मी खुर्चीवरून उठले. दंडावरची पट्टी स्वतःच्या नखांनी ओढून काढली. नर्स ओरडली. मी तिला सांगितलं, डॉक्टरांना बोलवा, सांगा की मुलगी म्हणते पट्टी गळतेय. मग पट्टी रुमालात गुंडाळली आणि घरी धावले.

कॅलेंडर काढून खिडकीपाशी नेलं, चष्मा लावला. एप्रिलच्या आठ तारखेपासून रोज दोन आकडे. ७१, ७०. ७०, ७१. मग सोमवार आला की ६४, आणि शनिवारपर्यंत परत ७०. पुढचा सोमवार ५८. त्यापुढचा ५२, त्या दिवशी चौकटीवर आदळले होते. मग ४७. परवा, रविवारी संध्याकाळी, ४१. हा आकडा वाकडा आला आहे, पेन्सिल घसरली आहे. प्रत्येक रविवारभोवती एक बारीक गोल.

महिनाभर हे स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. शेजारी फ्रिजवर माझी फुलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी चार आठवडे घरात लावून ठेवला होता, आणि त्याचं कौतुक करत होते.

डब्यात तीन पट्ट्या उरल्या होत्या. त्या घेऊन सरळ तळघरात गेले. तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि काचेचं भांडं धुवायला लागली.

१३ मे

चोवीस तासांत चार दिवसांचं औषध उतरलं. तिन्ही पट्ट्यांमधून. म्हणजे उरलेल्या सहा दिवसांना फक्त तीन दिवसांचं. म्हणून सोमवारी माणूस झोपतो आणि शनिवारी भांडतो.

राखीव नमुन्यांची सीलं मी कालच फोडली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "चूक माझी." तिथे मत लिहायचं नसतं, पण हे मत नाही. त्यांचंही तेच निघालं.

बाबांची नाडी संध्याकाळी बावन्न.

१५ मे

बाबा उशीला टेकून बसले. खिमटासारखं काहीतरी पातळ दिलंय, ते नाक मुरडत खाल्लं. मी विचारलं, बाबा, तुम्हाला कळत होतं, मग बोललात का नाही?

"तू किती खूश होतीस," म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत होतीस. मला वाटलं, नवीन पुर्जा आहे, बसेल आठ-पंधरा दिवसांत. म्हणून मोजत राहिलो. पक्कं कळल्याशिवाय कारागिराचं काम वाईट म्हणू नये."

मी रडले. बाबांच्या पांघरुणात तोंड खुपसून, लहानपणी रडायचे तशी. त्यांनी बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, "बाकीच्यांच्या घरी कोण मोजतंय?"

मी साहेबांना परवाच सगळे आकडे दिले होते. मोठ्या खेपेवरची माझी सही मागे घेतली आहे, असं लिहूनही दिलं. आज पुन्हा गेले. म्हटलं, एकशे चाळीस माणसं आहेत, आणि काउंटरवरचे डबे, त्यांना आजच कळवायला हवं. ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले, "हरकत नाही. वकिलांना घेऊन सोमवारी बसू."

"साहेब, पट्टी रविवारी बदलतात. आपणच छापलंय."

"एका रविवारने काय होतंय? तुमचे वडील उठून बसले ना?"

औषध खात्यात फोन केला. तिथले गृहस्थ सौजन्याने बोलले, लेखी अर्ज सोमवारी आणून द्या म्हणाले. मोठं इस्पितळ म्हणतं, कंपनीचं पत्र आल्याशिवाय आम्ही रुग्णांना परस्पर कसं सांगणार. सगळे सोमवारवर येऊन थांबतात.

१६ मे

शनिवार. अभिप्रायांची यादी माझ्याकडे आहे, फोन नंबरांसकट. ती ऑफिसबाहेर काढायची नसते. काढली. नोकरी जाईल, जाऊ दे. बाबांच्या खाटेजवळ मी बसले आहे आणि तळघरवाली बाहेर बाकावर. सत्तर तिने घेतले, सत्तर मी. सकाळपासून फोन चालू आहेत. काउंटरचे डबे काल संध्याकाळीच परत आले, कर्मचाऱ्यांना समजावावं लागलं नाही, त्यांना फक्त माझा चेहरा दिसला.

लोक किती चांगले असतात. "बरं झालं सांगितलंत." "तरीच म्हटलं." एका माणसाने मला आशीर्वाद दिला, मी तो कुठे ठेवू. एकाने शिव्या दिल्या, त्या बऱ्या वाटल्या. चौघांचे फोन लागत नाहीत. दोघे इस्पितळात आहेत, पडून. एका घरी फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं, आजोबा गेले, बारा दिवस झाले, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही हो त्यांना. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने फोन ठेवला. त्या नावापुढे मी वार लिहिला. सोमवार.

बाबा विचारतात, किती झाले. मी सांगते, बावन्न, त्रेपन्न. ते मान हलवतात. त्यांची दोन बोटं अजूनही मनगटावर आहेत.

चोपन्नावा फोन आत्ताच लागला. यादीत या नावापुढे लिहिलंय, "झोप छान लागते, आभारी आहोत." एका वयस्क बाईंनी उचलला. आवाज अगदी प्रेमळ. मी विचारलं, यजमान आहेत का?

"आहेत की. झोपलेत. हल्ली फार झोपतात, बाई. पट्टीसाठी म्हणत असाल तर काळजी करू नका हं. उद्या आम्ही लग्नाला जाणार, घाई होईल, म्हणून मी आज सकाळीच नवीन लावून ठेवली. त्यांना जागंसुद्धा केलं नाही. इतकं हलक्या हाताने लावते मी."

मी सांगितलं, काढा. आत्ता. आणि त्यांना उठवा.

"उठवू? बरं. थांबा हं, फोन धरा."

फोन धरला आहे. डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन. आधी त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला. मग त्या कुणालातरी हाक मारत होत्या, पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने. आता हाका ऐकू येत नाहीत. त्यांच्या खोलीत कुठेतरी भिंतीवरचं घड्याळ आहे, त्याची टिकटिक येते आहे. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघतायत. साडेचार मिनिटं झाली. बाई अजून फोनवर आलेल्या नाहीत.